खिळ्यावरच्या दोऱ्या

१२ जानेवारी

प्रिय ताई,

सोबत दोरी आहे. गाठ ते गाठ म्हणजे माझी कंबर. मागच्या वेळेपेक्षा थोडी लांब वाटेल, तर लगेच भुवया उंचावू नकोस. थंडीत माणूस जरा भरतोच. कामावर घालायला दोन पँटी हव्यात, जाड कापडाच्या, नेहमीसारख्या. फक्त उजव्या मांडीवर एक मोठा खिसा कर, वॉकीटॉकी मावेल एवढा.

परवा फोनवर म्हटलं की आकडाच सांगतो, तर तू फिस्सकन हसलीस. एकदा टेपची उलटी बाजू वाचली म्हणून माणसाने जन्मभर दोऱ्या पाठवायच्या का? पण तुझं दुकान, तुझा कायदा. शिवाय दोरीच्या निमित्ताने तुझं पत्र येतं आणि तुझी भावजय ते मोठ्याने वाचते. तुझे टोमणे ती दोनदा वाचते.

इकडे सगळं मजेत. इमारत झपाट्याने वर चाललीय. टॉवर क्रेनच्या केबिनमधून सगळं शहर ताटात वाढल्यासारखं दिसतं. खालची माणसं माना वर करून माझ्या हुकाची वाट बघतात. सिमेंटची बादली अशी टेकवतो की खालच्या गवंड्याला आवाजसुद्धा येत नाही. असो, स्वतःच्या तोंडाने किती सांगायचं.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
खारोबा


२० जानेवारी

चि. खारोबास,

पँटी आज पाठवल्या. दोरी खिळ्यावर टांगली, तुझ्या आधीच्या दोऱ्यांच्या शेजारी. दुकानात येणाऱ्या बायका विचारतात हे काय, मी सांगते, माझ्या भावाची प्रगती.

आता खरं बोल. केबिनमध्ये वॉकीटॉकी समोर अडकवलेला असतो, हे तूच मला चित्र काढून दाखवलं होतंस. दिवसभर बसून काम करणाऱ्याला मांडीवर खिसा कशाला? बसल्यावर तो टोचणार. असला खिसा उभ्याने काम करणारा माणूस मागतो. म्हणजे तू खाली आहेस. का आहेस आणि कधीपासून?

आणि दोरी "थोडी" लांब नाहीये. शेजाऱ्यांच्या झाडांवर सरसर चढायचास म्हणून मी तुला खार म्हणायला लागले. त्या खारीची ही कंबर? शिवणीत आत दोन बोटं माया सोडलीय, म्हणजे आणखी वाढलास तर उसवून सैल करता येईल. पण वाढू नकोस.

उत्तर लवकर दे. थापा मारायच्या असतील तर त्रास घेऊ नकोस.

ताई


२८ जानेवारी

प्रिय ताई,

तू शिवणकामात गेलीस यात पोलीस खात्याचं नुकसान झालं. तुझ्या भावजयीने तुझं पत्र वाचता वाचता मध्येच थांबून माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप उचलून बाहेर जाऊन बसलो.

हो, खाली आहे. डिसेंबरात कंपनीची वार्षिक तपासणी झाली. शिडी चढताना जो सेफ्टी बेल्ट बांधतो, तो किती वजनाच्या माणसाला झेलेल हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. मी त्याच्यापुढे गेलो. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही घसरलात तर हा पट्टा तुम्हाला धरील असं मी लिहून देऊ शकत नाही." संपलं. त्याच दिवशी खाली. आता वाळूत उभा राहून वरच्या ऑपरेटरला इशारे देतो. वर माझ्याच हाताखाली शिकलेली बाई आहे. चांगली आहे, पण हूक थांबवताना जरासा झुलवते आणि मी खालून उगाच हात आडवा धरतो.

पगार तोच आहे, त्याची काळजी नको. पण ताई, या इमारतीचा पहिला खांब मी उचललाय. जुलैअखेर पुन्हा तपासणी आहे, तेव्हा माथ्यावरच्या तुळया चढायच्या असतील. शेवटची तुळई दुसऱ्याने बसवली आणि मी खालून हात हलवत राहिलो, तर मला ते आयुष्यभर सलेल. तिथून रोज जाताना मान वर करवणार नाही.

पण तू बघच. कालपासून रात्रीचं जेवण बंद. सकाळी सूप, दुपारी काकडी. मी मनावर घेतलं की घेतलं.

तुझा,
खारोबा


५ फेब्रुवारी

चि. खारोबास,

खरं लिहिलंस, बरं वाटलं. तू खाली आहेस म्हणून मला तुझी लाज वाटेल असं तुला वाटलं असेल, तर तुझ्या डोक्यात भुसा भरलाय. तू वर असलास काय नि खाली असलास काय, मी गिऱ्हाइकांना तुझंच कौतुक सांगते. ती कंटाळतात, पण माप घेत असताना पळणार कुठे?

फक्त त्या सूप-काकडीचं मला खरं वाटत नाही. लहानपणी तुला भूक लागली की तू भिंतीशीसुद्धा भांडायचास. भावजयीची मला काळजी वाटते.

ताई


२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

दोरी बघ आणि मग बोल! जानेवारीच्या दोरीशेजारी टांग आणि गिऱ्हाइकांना दाखव. कॅन्टीनमध्ये सगळे मला विचारतात, हे केलंस कसं? मी म्हणतो, जिद्द. अधूनमधून चक्कर येते, भावजय म्हणते माझ्याशी बोलायचं तर काठी घेऊन बोलावं लागतं, पण त्याला इलाज नाही.

जुन्या पँटी खाली येतात. नवीन पँट शिव, या दोरीबरहुकूम. आणि आत माया मुळीच सोडू नकोस. मी आता वाढणाऱ्यांतला राहिलो नाही. उगाच आत कापडाची चळत कशाला?

तुझा,
सडपातळ भाऊ


२२ मार्च

चि. सडपातळ भावास,

तू म्हणालास तशी पँट शिवून पाठवली त्याला दोन आठवडे झाले. अंगात बसली का, कळवलं नाहीस. काल फोन केला तर भावजय नुसती हसत होती आणि तू न्हाणीघरातून बाहेर येईनास. माणूस न्हाणीघरात एवढा वेळ काय करतो?

ताई


३० मार्च

प्रिय ताई,

लपत होतो.

आता ऐक. तुझी पँट पार्सलमध्ये असतानाच एका रविवारी माझा संयम सुटला. आधी पाव, मग लोणी, मग आदल्या दिवशीचं उरलेलं सगळं, मग भावजयीने स्वतःसाठी लपवलेला केक. इतके दिवस दाबून ठेवलेली भूक अशी उसळली की आठवडाभर माझं तोंड बंद नव्हतं. पँट आली तेव्हा बटण लागत नव्हतं. पण सगळ्यांना सांगून बसलो होतो, बहिणीने नव्या मापाची शिवलीय म्हणून. श्वास रोखून लावलं बटण आणि गेलो.

स्लॅबचं काम चालू होतं, सगळी टोळी हजर. बादलीचा हूक सोडवायला वाकलो आणि मागची शिवण वरपासून खालपर्यंत गेली. आवाज असा झाला की वरच्या ऑपरेटरने वॉकीटॉकीवर विचारलं, "साखळी तुटली का?" मी म्हटलं, नाही, तुम्ही काम चालू ठेवा. उरलेला दिवस कमरेला जाकीट बांधून भिंतीला पाठ लावून काढला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे स्वतःहून गेलो. रागावतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की वर असताना तुम्ही दिवसभर खात काय होतात? तेव्हा मला बिस्किटांचा डबा आठवला. जेवायला खाली उतरायचं म्हणजे पुन्हा ती शिडी चढायची, म्हणून मी वर्षानुवर्षं दुपारी उतरलोच नाही. केबिनमध्ये उजव्या हाताला डबा, हूक खाली जाईपर्यंत एक बिस्किट, वर येईपर्यंत एक. आणि घरी आल्यावर दिवसभराचं जेवण एकदम रात्री. मी खातो हे मला कळतच नव्हतं, ताई. मी समजायचो की मी दुपारी उपाशी असतो.

त्यांनी सांगितलेलं अगदीच मिळमिळीत आहे. सकाळी घरून पोटभर खाऊन निघायचं. दुपारी ताटात वाढून, बसून जेवायचं, अर्धं ताट भाज्यांचं. चहा प्या, पण साखर हळूहळू कमी करा. घरी चालत जा. वेळेवर झोपा. महिन्याला थोडंसंच उतरलं तरी चालेल, पण उतरलेलं परत चढता कामा नये. यात फुशारकी मारण्यासारखं काही म्हणजे काहीच नाही.

फाटलेली पँट परत पाठवतोय. दोरी पाठवत नाही. ती जानेवारीच्या दोरीएवढीच आहे.

तुझा,
भाऊ


६ एप्रिल

चि. खारोबास,

"साखळी तुटली का" इथे मी पत्र खाली ठेवलं आणि मशीन थांबवून हसले. तुझे भावोजी आतून धावत आले. त्यांनाही वाचून दाखवलं. तुझी अब्रू आता दोन गावांत गेली.

पण चूक माझीही आहे. एवढ्या वर्षांची शिंपीण मी, आणि तुझ्या एका फुशारकीवर माया न सोडता पँट शिवली. गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं तरी आत कापड सोडायचं असतं, हे मी हाताखालच्या मुलींना शिकवते. आता ठरलं. यापुढे तुझ्या प्रत्येक पँटीला आत दोन बोटं माया. तू कितीही नाक मुरडलंस तरी. ती कधी सोडायची नाही हे मी ठरवणार.

फाटलेली पँट मागे जोड लावून शिवलीय. तीच घाल. लोक हसतील, हसू देत.

आणि हो, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पुन्हा एकदा सविस्तर लिही. सकाळी नेमकं काय खातोस, किती चालतोस, गुडघे दुखणाऱ्याने काय करायचं तेही विचार. माझ्या गिऱ्हाइकांत अशा बऱ्याच बायका आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

ताई


३ जून

प्रिय ताई,

तुझ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा कागद जोडलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघे दुखत असतील तर सपाट रस्त्याने, सावकाश, थांबत थांबत चालायचं, आणि दुखणं वाढलं तर आधी कुणाला तरी दाखवायचं.

एप्रिल आणि मे महिन्यांच्या दोऱ्या तू पाहिल्यासच. नखाएवढ्या का होईना, लहान होत होत्या. ही जूनची बघ. मेच्या दोरीला लावलीस तर केसाचाही फरक नाही. आणि मी काहीही चुकवलेलं नाही! सकाळी अंडी, फळ, पाव खाऊन निघतो. दुपारी भावजय करून देते तो डबा बसून खातो. संध्याकाळी नदीकाठच्या रस्त्याने चालत येतो, आता भावजयही पुलापाशी येऊन थांबते. झोप इतकी छान लागते की माझं घोरणंसुद्धा कमी झालंय म्हणे. आणि दोरी हलायला तयार नाही. काल कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं, काय हो, जिद्द कुठे गेली? मी हात टेकलेत, ताई. जुलै तर आलाच.

जोड लावलेल्या पँटीची खालची पट्टी उसवलीय, तीही पाठवतोय.

तुझा,
खारोबा


११ जून

चि. खारोबास,

रडगाणं पुरे. मी आता सांगते ते भावजयीला मोठ्याने वाचायला लाव.

तुझी पँट उलटी करून टेबलावर पसरली. तुझ्या पँटी गेली दहा वर्षं एकाच जागी मरतात, दोन मांड्यांच्या मधे. तिथे मांडीला मांडी घासून कापड विरतं, बाकीची पँट नवी असते आणि तिथून उजेड दिसतो. मी तिथे नेहमी आतून ठिगळ देऊनच शिवते, तुला कधी सांगितलं नाही एवढंच. ही पँट तू एप्रिलपासून रोज घालतोयस, वर रोज चालतोयस. आणि ती जागा कोरी आहे. मी खिडकीशी धरून पाहिली, तुझ्या भावोजींना दाखवली. धागा न् धागा जागेवर आहे. शिवाय पट्ट्याचा वळ बघ. आधी तो पोटाखाली तिरका पडायचा, आता सरळ आडवा आहे.

दोरीला फक्त कंबर कळते. तुझं बाकीचं अंग काय करतंय ते मला कापडावरून दिसतं. चालू ठेव. काहीही बदलू नकोस, उपाशी तर अजिबात राहू नकोस. मला तुझा अभिमान वाटतो हे मी गिऱ्हाइकांना सांगते, तुला सांगायचं राहून जातं. म्हणून लिहितेय.

दुकान आता सकाळी जरा उशिरा उघडते, त्यामुळे कामं तुंबलीत. पट्टी शिवायला चार दिवस लागतील.

ताई


१० जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र भावजयीने तीनदा वाचलं. मी ते घडी करून मांडीवरच्या खिशात ठेवतो, वॉकीटॉकीच्या मागे. जूनअखेरची दोरी सोबत आहे. हलली!

तू मात्र आळशी झालीस. दुकान उशिरा उघडतेस, परवा सकाळी फोन केला तर घरीही नव्हतीस. भावोजी म्हणाले, बाहेर गेलीय. एवढ्या सकाळी कुठली गिऱ्हाइकं?

तपासणी चोवीस तारखेला आहे. पास झालो तर दुसऱ्याच दिवशी शेवटची तुळई. ताई, येशील का गं? साइटच्या समोर रस्त्यावर पादचारी पूल आहे, त्यावरून सगळं दिसतं. बस तुला जवळच सोडेल.

तुझा,
खारोबा


१६ जुलै

चि. खारोबास,

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस आणि पुलावर तर नकोच नको. बसचा प्रवास, वर ते जिने, माझे गुडघे कोण सांभाळणार? शिवाय शिवणाचे कपडे पडलेत. तू जा, चढ, आणि मला सगळं नीट लिही. एकही गोष्ट गाळायची नाही.

ताई


२७ जुलै

प्रिय ताई,

बसवली!

आता पहिल्यापासून सांगतो. तपासणीत डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काट्याकडे, आणि सही केली. पट्ट्यावरच्या आकड्याच्या खाली आलोय, पण फार खाली नाही. त्या म्हणाल्या, "इथेच राहायचं किंवा हळूहळू आणखी खाली. घाई नको." मी म्हटलं, घाई मी फेब्रुवारीतच करून पाहिली.

पंचवीस तारखेला सकाळी शिडीखाली पोचलो तर माझी शिकाऊ बाई बाजूला उभी. म्हणाली, "उस्ताद, तुमची खुर्ची पुसून ठेवलीय." चढलो. मधल्या टप्प्यांवर थांबलो, थांबायची लाज वाटली नाही. पूर्वी वर पोचलो की बराच वेळ धापा टाकत काचेला टेकून बसायचो. या वेळी बसलो आणि सरळ दांड्याला हात घातला. तुळई उचलली, फिरवली, टेकवली. वॉकीटॉकीवर खालून कुणीतरी म्हणालं, "लोण्यासारखी!" ताई, मी एकटा होतो म्हणून सांगतो, डोळे भरून आले. मला माझा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, पहिला खांब उचलला तेव्हासुद्धा नाही.

दुपारी जेवायला खाली उतरलो. पुन्हा चढलो. बिस्किटांचा डबा होता ती जागा रिकामी ठेवलीय.

एक गंमत सांगायची राहिली. हूक खाली जात असताना समोरच्या पुलावर एक बाई दिसली. एवढ्या उंचीवरून माणूस म्हणजे ठिपका, पण तिच्याकडे मोठी पिवळी पिशवी होती. कठड्याला धरून जिना चढत होती, थोडं चढायची, थांबायची, पुन्हा चढायची. सगळे तिला ओलांडून पुढे जात होते आणि ती आपली तिच्या चालीने. मला माझा एप्रिल आठवला. मी मनात म्हटलं, सावकाश, बाई, सावकाश. पोचली ती वर. मग बराच वेळ मधोमध उभी राहिली. तुळई बसली तरी तिथेच.

संध्याकाळी वॉचमनने तुझं पार्सल दिलं. टपालाचा शिक्का नव्हता, कुणाच्या हाती पाठवलंस? पँट अंगात अशी बसली की भावजयीने मला गोल फिरवून पाहिलं. पण ताई, सवयीने आत बोट घालून बघितलं तर शिवणीत माया नाही. जेमतेम शिवणीपुरतं कापड. विसरलीस का? पुढच्या वेळी सोड थोडी. मी काही देव नाही, एखाद्या महिन्यात इकडेतिकडे होईन.

तुझा,
खारोबा


२ ऑगस्ट

चि. खारोबास,

विसरले नाही. ती कधी सोडायची नाही हे मी ठरवणार असं एप्रिलमध्ये लिहिलं होतं, ते मी ठरवलं. इकडेतिकडे झालास तर झालास. तू परत कसा यायचं ते शिकलायस, आणि नाहीच जमलं तर मी नवीन पँट शिवीन, माझ्याकडे कापडाला तोटा नाही. पण ही पँट आजच्या तुझ्यासाठी आहे.

पार्सल कुणाच्या हाती पाठवलं विचारतोस. माझ्याच हाती. पिवळ्या पिशवीतून.

तुझं ते "सावकाश, बाई" मला ऐकू आलं असं मी म्हणणार नाही, खाली गाड्यांचा गोंगाट होता. पण सावकाशच चढले. मार्चमध्ये तू डॉक्टरीणबाईंचं सांगणं लिहिलंस ते पत्र, आणि जूनमध्ये गिऱ्हाइकांसाठी पाठवलास तो कागद, ते दोन्ही माझ्या मशीनसमोर चिकटवलेले आहेत. रोज सकाळी चालायला जाते, म्हणून दुकान उशिरा उघडतं, आळशी म्हणे! तुला सांगितलं नाही, कारण जमलं नसतं तर तू मार्चच्या पँटीचा विषय काढून मला चिडवलं असतंस. आणि येते असंही कळवलं नाही, कारण तू चढला नसतास तर मला तिथे बघून तुला आणखी लागलं असतं. भेटले असते, पण तू दुपारी जेवायला उतरणार आणि माझी बस त्याआधीची. शिवाय भेटले असते तर चारचौघांत रडले असते, ते बरं दिसलं नसतं.

पुलावर माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ उभे होते. मी त्यांना म्हटलं, "तो वर बसलाय ना, तो माझा धाकटा भाऊ." ते डोळे बारीक करून म्हणाले, "मला तर कुणीच दिसत नाही." मी म्हटलं, "मला दिसतोय." तुळई टेकली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, मोठ्याने, एकटीनेच. मग त्या गृहस्थांनीही वाजवल्या.

सोबत दोरी आहे. गाठ ते गाठ. ही तुझी नव्हे. आजवर मी गावभराच्या माणसांची मापं घेतली, पण स्वतःला कधी टेप लावली नाही, लावूही दिली नाही. कपडे अंदाजाने सैल शिवायचे आणि आरशाकडे पाठ करून घालायचे. त्या दिवशी घरी आल्यावर पहिल्यांदा तुझ्या भावोजींना दोरीचं दुसरं टोक धरायला लावलं. लांब आहे. हसायचं नाही, भावजयीलाही हसू द्यायचं नाही.

तुझ्या केबिनमध्ये एक खिळा मार आणि तिथे टांग. बिस्किटांचा डबा असायचा त्या जागी.

ताई